थोरला होंडा

एजंट म्हटलं की आपल्याला आरटीओबाहेर बगलेत फायली घेऊन उभा असलेला माणूस आठवतो. फुटबॉलमध्येही त्याची पत फार वेगळी नाही. खेळाडूने घाम गाळायचा, याने टक्के मोजायचे. माझंही मत हेच होतं. जपानच्या होंडा भावांमुळे ते जरा डळमळलंय. (गाडीवाल्या होंडाशी यांचा काही संबंध नाही, आधीच सांगतो.)

धाकटा, जपानचा फुटबॉलपटू केसुके, आठवत असेल. पिवळे केस, आणि 2010 च्या वर्ल्ड कपमध्ये डेन्मार्कला लांबून मारलेली ती फ्री किक! प्राथमिक शाळेत त्याने लिहिलेला निबंध जपानमध्ये प्रसिद्ध आहे: मी सेरी आमध्ये, म्हणजे इटलीच्या अव्वल लीगमध्ये, 10 नंबर घालून खेळणार, वर्षाला 400 कोटी येन कमावणार. सगळे एवढंच सांगतात. मला आवडतो तो त्याचा शेवट. वर्ल्ड कप फायनलमध्ये ब्राझीलला 2-1 हरवायचं, आणि ते गोल कसे, तर दादाबरोबर पास देत-घेत.

तो दादा म्हणजे हिरोयुकी. खेळाडू म्हणून तो तिथवर पोचला नाही. एजंट झाला, धंद्यात उतरला, धाकट्याचा कारभार बघू लागला.

2013 च्या उन्हाळ्यात इटलीच्या एसी मिलान क्लबाला केसुके हवा होता, पण तो खेळत होता त्या मॉस्कोच्या सीएसकेए क्लबाशी भाव जमेना. करार डिसेंबरात संपत होता. केसुके गपगुमान तिथेच खेळत राहिला आणि जानेवारी 2014 मध्ये फुकटात मिलानला गेला. पाठीवर 10 नंबर! सीएसकेएच्या हाती दमडी लागली नाही. मला यात काही गैर वाटत नाही. करार त्याने शेवटच्या दिवसापर्यंत पाळला होता.

खरी गंमत 2015 ची. होंडांच्या कंपनीने ऑस्ट्रियात होर्न नावाच्या, जेमतेम साडेसहा हजार वस्तीच्या गावातल्या क्लबात 49 टक्के हिस्सा घेतला. जपानी पोरांना युरोपात पहिलं दार कोण उघडणार? एजंट दुसऱ्याच्या दारात ताटकळतो, यांनी दारच विकत घेतलं. हिंमत लागते राव.

पण एजंटनेच क्लबात मालकी ठेवायची म्हणजे एकाच माणसाने मुलाकडूनही बोलायचं आणि मुलीकडूनही. हे मला पटत नाही. शिवाय जागा चुकली. होर्न तिसऱ्या श्रेणीत होता. 2016 ला वर चढला, 2017 ला परत खाली. 2018 मध्ये होंडांनी अंग काढून घेतलं.

तेवढ्यात डीएमएम या जपानी कंपनीने बेल्जियमच्या पहिल्या श्रेणीतला सिंत-ट्रुइडन हा क्लब ताब्यात घेतला होता. एन्डो आणि तोमियासू हे जपानी खेळाडू तिथूनच पुढे गेले, एक लिव्हरपूलपर्यंत, दुसरा आर्सेनलपर्यंत. कल्पना तीच, पण तिथल्या सामन्यांना मोठ्या क्लबांची माणसं खेळाडू हेरायला येऊन बसतात. होर्नला कोण कशाला येईल?

थोरल्याने पुन्हा असा डाव मांडला तर मी त्याच्या बाजूने. फक्त आधी एजंटकी सोडावी, आणि क्लब वरच्या श्रेणीतला बघावा.