पाहुण्यांना नवी पेठ दाखवताना

सोलापुरात राहायचं आणि पुण्यात साडू असायचा, म्हणजे वर्षातून एकदा तरी चादरींसाठी नवी पेठ गाठावी लागते. खरं तर चादर घ्यावी पूर्व भागात, जिथं माग चालतात तिथं. पण मेव्हणीला 'मेन बाजार' बघायचा असतो. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे हे साडूंना पाठ आहे. ती विकली जाते त्या रस्त्याला कुठलं मानांकन द्यावं, हे ते मला असं विचारतात, जसा काही रस्ता मीच विणलाय.

नव्या पेठेत दुकान आत असतं आणि धंदा बाहेर. दुकानापुढं पायरी, पायरीवर साडी नेसवलेले पुतळे, पुतळ्यांपुढं रुमाल-टॉवेलचं टेबल, टेबलापुढं दुसऱ्या कुणी गाडी लावू नये म्हणून मालकाने स्वतःच लावलेली मोटारसायकल आणि तिला टेकून केळ्यांची हातगाडी. एवढ्यातून जे उरेल त्यावर रिक्षा, गाय आणि आपण. मेव्हणीचा धक्का एका पुतळ्याला लागला, तर ती चक्क "सॉरी ताई" म्हणाली. गर्दीत उलट न बोलणारी ती एकच बाई भेटली, असं तिचं म्हणणं.

मी सांगितलेलं दुकान साडूंना काही केल्या दिसेना. दिसणार कसं? पाटीवर कुणा दादांच्या वाढदिवसाचा डिजिटल फलक आणि खाली शुभेच्छुकांची गोल गोल तोंडं. वाढदिवस कधीच होऊन गेलेला. पण डिजिटल वाया जात नाही. उतरला की हातगाडीवर ताडपत्री म्हणून चढतो. मागच्या वेळचे दादा आता केळ्यांवर पालथे पडले होते. सोलापूरच्या उन्हात पुढाऱ्याने जनतेला खात्रीची सावली दिली ती हीच.

खड्ड्यांवर मी फार बोलत नाही. 2016 साली स्मार्ट सिटीच्या पहिल्याच यादीत सोलापूर आलं, तेव्हा साडूंना फोन करून ऐकवणारा मीच होतो. त्यांच्या ते लक्षात आहे.

पाहण्यासारखी गोष्ट सकाळची. घरच्या नळाला पाणी काही दिवसांआड येतं, पण दुकानापुढं सडा रोज पडतो. मालक आपल्या शटरपुढचं लखलखीत झाडून घेतो आणि केर शेजारच्या हद्दीवर नेऊन ठेवतो. हद्द कशी, मोजणीदाराने खूण केल्यासारखी! शेजारी उशिरा येतो, तोही तेच करतो. असा तो ढीग दुकानं करत करत दुपारी भावाभावांच्या दाव्यात बंद पडलेल्या गाळ्यापुढं पोचतो. एकही दुकान न चुकवणारं असं गिऱ्हाईक दुसरं नाही.

शेवटी दुकानात गादीवर टेकल्यावर मी हुकमाचं पान टाकलं. म्हटलं, "साडूभाऊ, संक्रांतीला या. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला." बाराबंदी घातलेले मानकरी सात नंदीध्वज तोलत निघतात. तेवढी उंच काठी पेलायची, म्हणजे पायाखाली खड्डा चालत नाही आणि डोक्यावर वायर चालत नाही. मग मिरवणुकीच्या वाटेवरचे खड्डे बुजतात, लोंबत्या वायरी वर जातात, डिजिटल उतरतात. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली, त्या सगळ्यांना ही वारी जाऊन येते.

साडूंनी शांतपणे चहा संपवला. "अहो, मग एकोणसत्तरावं या मागच्या बोळात बसवून टाका ना. रस्ता तरी होईल."

मला उत्तर सुचेना. मेव्हणीपुढं सहावी चादर उलगडणाऱ्या मालकांनी मान वर केली. "बसवा की ओ. फक्त आमच्या पायरीपुढं नको. शेजारच्यांच्या पुढं बसवा."