‘मुलाची गाडी बापाच्या नावावर घ्या’ या मेसेजला उत्तर

गेले काही महिने गोव्यातल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मी फोंड्यात विम्याची कामं करतो, म्हणून दर दोन दिवसांनी कुणीतरी तो मला पाठवून विचारतं, ‘खरं का हे?’ मजकूर थोडक्यात असा: पंचविशीच्या आतल्या, नव्या लायसनच्या मुलाच्या नावावर गाडी घेतली तर विमा दुप्पट-तिप्पट पडतो. म्हणून गाडी वडिलांच्या नावावर घ्या, त्यांचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) लावा, आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) खाली आणा. नव्या लायसनवाल्याला क्लेम तसाही मिळत नाही, तेव्हा नुसता थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरता विमा, काढा. आणि सीझनला गाडी पर्यटकांना देऊन विम्याचे पैसे वसूल करा.

पहिली गोष्ट कुठून आली असावी, याचा मला अंदाज आहे. आपल्या कितीतरी घरांतली मुलं पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेली आहेत. स्विंडन शहरात तर गोंयकारांची मोठी वस्ती आहे. तिथे अठरा-वीस वर्षांच्या मुलाचा विमा खरंच महाग असतो, कारण तिथे आधी चालक बघतात, मग गाडी. गाडी कोण कोण चालवणार, त्यांची नावं पॉलिसीत लिहावी लागतात. रोज मुलगाच चालवत असताना मुख्य चालक म्हणून वडिलांचं नाव देणं ही तिथेही फसवणूकच धरतात. तिकडची अडचण घरच्या फोनवर ऐकली आणि इकडे नियम म्हणून पसरवली, असं झालेलं दिसतं.

आपल्याकडे थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं, आणि तो इंजिनावर ठरतो. 2022 च्या जूनपासूनचे खासगी गाडीचे वर्षाचे दर असे: 1000 सीसीपर्यंत 2,094 रुपये, 1000 ते 1500 सीसी 3,416 रुपये, त्यावर 7,897 रुपये, शिवाय जीएसटी. मालक अठराचा असो की ऐंशीचा, आकडा तोच. राहिला ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा भाग. 2007 पासून तो ठरवायला कंपन्या मोकळ्या आहेत, त्यामुळे दर कंपनीगणिक थोडे बदलतात. पण तिथेही मुख्य हिशेब गाडीची किंमत, तिचं वय, इंजिन आणि नोंदणीचं ठिकाण यांचाच. मुंबई-पुण्यासारखी आठ शहरं ‘ए’ झोनमध्ये, आपला गोवा ‘बी’ झोनमध्ये, म्हणजे जरा स्वस्तच.

मग वडिलांच्या नावावर घेऊन वाचलं काय? जवळजवळ काही नाही. आणि गेलं काय, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आमच्या शेजारच्या मुलाला लायसन मिळून चार महिने झाले होते. पावसाच्या पहिल्या आठवड्यात फर्मागुडीच्या उतारावर गाडी घसरली आणि झाडावर गेली. समोर दुसरी गाडी नव्हती. गाडी वडिलांच्या नावावर, विमा पूर्ण, लायसन वैध. गाडीचा क्लेम विनातक्रार मिळाला. मुलाचा एक डोळा मात्र कायमचा गेला, आणि त्यापोटी विम्यातून एक रुपया आला नाही. वडील माझ्याकडे फाइल घेऊन आले. म्हणाले, ‘भाऊ, पंधरा लाखांचं कव्हर लिहिलंय ना यात? मग?’

ते कव्हर मालक-चालकाचं असतं. गाडीच्या आरसीवर ज्याचं नाव आहे त्यालाच ते लागतं, आणि त्याच्याकडे वैध लायसन असावं लागतं. मुलगा मालक असता तर एका डोळ्याची दृष्टी गेल्याबद्दल निम्मी रक्कम, साडेसात लाख रुपये मिळाले असते. थर्ड पार्टीतूनही त्याला मागता आलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली निंगम्मा खटल्यात आणि पुन्हा 2020 साली रामखिलाडी खटल्यात सांगितलं आहे की दुसऱ्याची गाडी मागून चालवणारा मालकाच्या जागी येतो, तो तिऱ्हाईत ठरत नाही. बापाची गाडी मुलाने नेली तरी तेच. नवशिक्याचा अपघात बहुधा असाच एकट्याचा असतो: उतार, ओला रस्ता, वळण. हे सगळं त्या बापाला तोंडावर सांगताना मला जे झालं, त्यामुळेच मी हे लिहितो आहे.

म्हणून ज्याची गाडी, त्याच्या नावावर घ्या. घरची एकच गाडी सगळे चालवत असतील, तर चालवणाऱ्या मुलाच्या नावाने वेगळा वैयक्तिक अपघात विमा काढा. इतर बचतीआधी हा खर्च करा.

नो क्लेम बोनस माणसाचा असतो आणि एका वेळी एकाच गाडीला लागतो. वडिलांची पहिली गाडी चालू असेल तर बोनस तिच्यावरच राहतो, त्यांच्याच नावावरची दुसरी गाडी शून्यापासून सुरू होते. मुलाच्या नावावरच्या गाडीला तर वडील हयात असताना तो मिळतच नाही. खोटं लिहून दिलंत, तर ओन डॅमेजचा क्लेम त्याच मुद्द्यावर अडतो. उलट मुलाच्या नावावर पॉलिसी असली तर बोनस त्याचा साठत जातो. क्लेम न करता एक वर्ष गेलं की 20 टक्के, आणि पाच वर्षांत 50.

आयडीव्ही खाली आणली तर हप्ता थोडा उतरतो, हे खरं. पण दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. आकडा जितका खाली, तितकी ती वेळ लवकर येते, आणि हातात पडते तीच कमी केलेली रक्कम.

नव्या लायसनवाल्याला क्लेम मिळत नाही, हे साफ खोटं आहे. काल मिळालेलं पक्कं लायसन वीस वर्षं जुन्या लायसनइतकंच चालतं. शिकाऊ लायसनवरही, शेजारी लायसनवाला शिकवणारा बसलेला असेल आणि पुढे-मागे ‘एल’ लावलेला असेल, तर पॉलिसी लागू राहते. दहा-बारा वर्षं जुन्या गाडीला नुसता थर्ड पार्टी घेणं मी समजू शकतो. पण गाडीची किंमत असेल, तर घासाघीस आणि ठोकाठोकीच्या पहिल्या दोन वर्षांतच पूर्ण विम्याची खरी गरज असते.

भाड्याच्या सल्ल्याचा मला राग येतो. पांढऱ्या पाटीची गाडी खासगी वापराची. भाड्याने द्यायच्या गाडीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं लागतात, तिचा परवाना वेगळा, विमा वेगळा. खासगी गाडी पर्यटकाला दिली आणि कळंगुटच्या रस्त्यावर कुणाला धडक बसली, तर गाडीचा क्लेम फेटाळला जातो. जखमी माणसाला कंपनीने भरपाई दिलीच, तरी ती पुढे मालकाकडून वसूल करायला येऊ शकते. मालक म्हणजे मेसेज वाचून गाडी आपल्या नावावर घेणारा बाप.

त्या शेजारच्या घरात आता धाकटी मुलगी गाडी शिकली. तिच्यासाठी 1000 सीसीच्या आतली जुनी गाडी बघितली आणि तिच्याच नावावर केली. आधीच्या मालकाची पॉलिसी चालू होती, ती तिच्या नावावर करायचा अर्ज आम्ही चौदा दिवसांच्या आत दिला. त्याचा बोनस तिला मिळत नाही, तेवढा फरक भरला. पंधरा लाखांचं कव्हर काही शे रुपयांत तिच्या नावावर घेतलं. पुढच्या नूतनीकरणाला अडीच हजारांचा ऐच्छिक डिडक्टिबल (प्रत्येक क्लेममधली तेवढी रक्कम आपण सोसायची) घेऊन ओन डॅमेजवर सूट मागायची, बारीक ओरखड्यासाठी क्लेम करायचा नाही, आणि तारीख चुकवायची नाही, कारण नव्वद दिवसांवर गेलं की साठलेला बोनस जातो. परवा आरसी हातात आली. वडिलांनी चष्मा लावून मालकाच्या रकान्यातलं मुलीचं नाव दोनदा वाचलं.