टॉवेल, टर्किश आणि लूप: एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार,

तुमचं म्हणणं असं की लूप (कापडावर उभे राहिलेले धाग्याचे फास) असेल तोच टॉवेल, सपाट कापडाला पंचाच म्हणावं. 'टर्किश' हे दुकानदारांनी चिकटवलेलं नाव आहे. आणि नवा टर्किश पाणी टिपतच नाही. पहिल्या दोन्ही गोष्टी मला मान्य नाहीत.

टॉवेल हा शब्द इंग्रजीत तेराव्या शतकाच्या सुमारास जुन्या फ्रेंचमधून आला. त्याचं मूळ 'धुणे' या अर्थाच्या जर्मानिक धातूत आहे. म्हणजे नाव पडलं ते कामावरून, विणीवरून नव्हे. पुढे चर्चच्या वेदीवर अंथरायच्या कापडालाही टॉवेलच म्हणत. याच घराण्यातला इटालियन शब्द 'तोवाल्या' म्हणजे तर जेवणाच्या टेबलावरचं कापड! हिंदीतला 'तौलिया' याच कुळातल्या पोर्तुगीज शब्दावरून आला. या सगळ्यात लूप कुठेच नाही.

लूपवाला टॉवेल इंग्लंडमध्ये आला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. हेन्री क्रिस्टी यांनी ऑटोमन तुर्कस्तानातून हातविणीचा नमुना नेला, सॅम्युएल होल्ट यांनी ती वीण यंत्रावर बसवली आणि १८५१ च्या लंडनमधल्या प्रदर्शनात ते टॉवेल मांडले गेले. सोलापूरच्या चाटी गल्लीत आजही 'टर्किश द्या' म्हणतात, ते नाव तिथून आलेलं आहे. तिथल्या टॉवेलचं भौगोलिक मानांकन मात्र 'सोलापूर टेरी टॉवेल' या नावाने आहे; टेरी म्हणजे हीच लूपची वीण. खुद्द तुर्कीत याला 'हावलू' म्हणतात, आणि 'हाव' म्हणजे कापडावर उभे राहिलेले तंतू. तुमचा नियम तिथे लागू पडतो, इंग्रजीत नाही.

आता पाणी न टिपण्याबद्दल. टेरीच्या मागावर उभ्या धाग्यांचे दोन बीम (धागा गुंडाळलेले रूळ) असतात, एक ताणलेला आणि एक सैल. पहिले दोन आडवे धागे फणी आधी विणून झालेल्या कापडापासून जरा दूरच ठेवते. तिसऱ्याला पूर्ण ठोका बसतो, तिन्ही एकदम पुढे सरकतात आणि सैल धागा वर-खाली फुगून लूप होतो. आडवे धागे विरळ पडले किंवा ताण कमी राहिला, तर लूप ओढले जातात. असा लूप निघाला तर ओढू नका, कात्रीने कापा; वीण उसवत नाही.

पाणी टिपतात ते हे लूपच. नव्या टॉवेलमध्ये त्यांच्यावर सॉफ्टनरचा थर असतो. दोन-तीनदा नुसत्या कोमट पाण्यात धुवा आणि घरी पुन्हा सॉफ्टनर घालू नका.