गरुड सोलला तो थर्मोकोलमुळे नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली आणि तावातावाने उत्तर लिहायला बसलो होतो. बरं झालं, लाइट गेली. सकाळी चहा घेऊन पुन्हा वाचली तेव्हा त्यातलं एक म्हणणं मुकाट्याने मान्य करावं असं वाटलं. बाकीच्यावर मात्र भांडणार आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की उघड्यावरच्या मोठ्या शिल्पासाठी १५ घनतेचा थर्मोकोल कोरा आणि वर पॉलियुरिया, म्हणजे चिवट प्लास्टिकचा थर, फवारून घ्या. दादांचं म्हणणं असं की पॉलियुरिया हे पैसेवाल्यांचं खूळ आहे, ते २० वर्षं थर्मोकोलवर सुतारी पांढरा गम आणि कागद लावून थेट पॉलिएस्टर रेझिनचं फायबर (काचेच्या धाग्यांवर रेझिन मुरवून केलेलं कडक कवच) करतात. यंदा लोणावळ्यातलं त्यांचं गरुडाचं शिल्प एका पावसाळ्यात सोलून निघालं, तो ‘तुमच्यासारख्यांनी शिफारस केलेल्या हलक्या थर्मोकोलमुळे’, असंही ते म्हणतात. शिवाय बंदी असलेल्या मालाची मी जाहिरात करतो, हा एक टोला.

आधी माझी चूक. सरसकट ‘१५ घनता’ लिहायला नको होतं. १५ घनता म्हणजे १ घनमीटर ठोकळ्याचं वजन १५ किलो. असा थर्मोकोल चौरस सेंटीमीटरला साधारण पाऊण किलो भार आला की दबायला लागतो. आता ६० किलोचा माणूस एका टाचेवर उभा राहिला, टाच टेकली २५ चौरस सेंटीमीटर, तर चौरस सेंटीमीटरला भार होतो २.४ किलो. म्हणजे तिपटीहून जास्त! आणि बागेतल्या हत्तीवर, कासवावर पोरं चढणारच, पाटी लावा नाहीतर लावू नका. पॉलियुरिया चिवट असतो पण वाकतो. तो फाटत नाही, खालचा फोम मात्र बसतो आणि वर खळगा राहतो. जिथे हात-पाय पोहोचतात तिथे ३० घनतेचा ठोकळा, डोक्यावरच्या भागात १५ चा, असं लिहायला हवं होतं. तुम्ही कान पकडलात, बरोबर केलंत.

पण गरुडाचं तसं नाही. तुम्ही पाठवलेला तिसरा फोटो मी मोठा करून पाहिला, पंखावरून निघालेल्या टरफलाच्या उलट्या बाजूचा. दादा, ती बाजू गुळगुळीत आहे. पांढरट साय धरल्यासारखी. थर्मोकोल कमजोर असता तर टरफल निघताना त्याचे दाणे उपटून आले असते, उलटी बाजू साबुदाण्याच्या वड्यासारखी दिसली असती. इथे एक दाणा चिकटलेला नाही. फोम जागेवर आहे, फायबरही शाबूत आहे, सुटलाय तो मधला गम. सुतारी पांढरा गम पाण्याने पुन्हा मऊ पडतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. लोणावळ्याच्या पावसात पाणी आत शिरायला एक स्क्रूचं भोक पुरतं, आणि पंखाच्या मुळाशी तुम्ही दोन मारलेत.

दुसरी गोष्ट दिसत नाही, ऐकू येते. पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरीन नावाचं द्रावक असतं आणि ते थर्मोकोल खातं. कागदाला टाचणीएवढं भोक राहिलं तरी रेझिन तिथून उतरतं, आत बोराएवढा खड्डा करतं आणि मग सुकतं. वरून काही कळत नाही. बोटाच्या पेराने टकटक करत जा, मध्येच आवाज बदलून ढब्ब येतो ना, तिथे खाली पोकळी आहे. तुमची २० वर्षांची कामं टिकली यावर माझा विश्वास आहे, कारण त्यातली बहुतेक छपराखाली आहेत असं तुम्हीच लिहिलंय.

फायबरच करायचं तर थर्मोकोलवर एपॉक्सी रेझिन वापरा, त्यात स्टायरीन नसतं. फक्त नेहमीची तुटक धाग्यांची मॅट घेऊ नका. तिचा बाइंडर (धागे धरून ठेवणारा चिकट) स्टायरीनमध्ये विरघळावा म्हणून केलेला असतो, एपॉक्सीत ती ताठच राहते आणि नाकाडोळ्यांच्या वळणावर बसत नाही. विणलेलं कापड घ्या. पॉलिएस्टर सोडवतच नसेल तर खालचा फोम बदला. पीयू (पॉलियुरेथेन) फोमला पॉलिएस्टर काही करत नाही. तो महाग आहे आणि त्याचा भुगा अंगाला खाजतो, हे आहेच. म्हणून म्हणतो, वर काय लागणार ते आधी ठरवा आणि त्यावरून फोम घ्या. आपल्याकडे नेमकं उलटं होतं, ठोकळे टेम्पोतून उतरले की मग विचार सुरू.

रेझिनची वाफ आणि भुगा नाकात जाऊ नये म्हणून लागणाऱ्या मास्कबद्दल ‘एवढं काही होत नाही’ असं तुम्ही लिहिलंत, ते वाचून वाईट वाटलं. निकी द सां फाल या फ्रेंच-अमेरिकन शिल्पकार बाईंनी १९६० च्या दशकात पॉलिस्टायरीन (म्हणजे आपला थर्मोकोल) आणि पॉलिएस्टरमध्ये प्रचंड कामं केली. फुप्फुसं कायमची गेली. २००२ मध्ये श्वसनाच्याच विकाराने वारल्या. पॉलियुरिया आणि पीयूमधलं आयसोसायनेट हे रसायन तर श्वासाला आणखी वाईट, तिथे कापडी रुमाल बांधून फवारा मारणाऱ्या पोराला मी कामावरून घरी पाठवतो.

पॉलियुरियाचं म्हणाल तर तो तुमच्या गल्लीत होणारा प्रकार नाही, कबूल. गरम करून दाबाने फवारणारं यंत्र लागतं, माल काही सेकंदांत घट्ट होतो, हात चुकला की चुकला. स्वस्तातला प्रकार उन्हात पिवळा पडतो, म्हणून वर रंग लागतोच. त्या रंगानेच माझा घात केलाय. चंद्रपूरकडच्या एका रिसॉर्टसाठी ११ फुटी गवा केला होता. गवा म्हटल्यावर काळाच रंगवणार! मे महिन्यात फोन आला, ‘साहेब, तुमच्या गव्याला गळू झालंय.’ जाऊन पाठीवर तापमापक धरला तर ७८ अंश. थर्मोकोल ८० च्या आसपास आकसायला लागतो, आणि वरचा कोट फुगून वर राहतो. पाठ कापून काढली, नवी बसवली, आणि या वेळी तपकिरीत राखाडी मिसळून रंगवली. मालक म्हणाला, गवा म्हातारा दिसतोय. दिसू दे.

बंदीचं. मार्च २०१८ च्या अधिसूचनेपासून सजावटीच्या थर्मोकोलला महाराष्ट्रात बंदी आहे, आणि मी गणपतीची मखरं, मंडपाचे देखावे यांची कामं त्या वर्षापासून घेत नाही. दहा दिवसांत कचऱ्यात जाणारं काम आणि कोटाआड बंद होऊन वर्षानुवर्षं उभं राहणारं काम मी एकाच मापाने मोजत नाही. कापताना उडालेला भुगा मात्र नाल्यात जाता कामा नये. आमच्याकडे तो गोणीत भरून पुन्हा पोकळ भागांत जातो.

एक राहिलंच. पहिल्या फोटोत ठोकळे चढवून झाल्यावर पायाच्या प्लेटला वेल्डिंग चाललेलं दिसतंय. जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या विमानतळावर ११ एप्रिल १९९६ ला वेल्डिंगची ठिणगी छतातल्या पॉलिस्टायरीनवर पडली आणि १७ माणसं गेली. सांगाड्याचं सगळं वेल्डिंग फोम लावायच्या आधी संपवा, राहिलंच तर नटबोल्ट मारा.

गरुड फेकून देऊ नका. डावा पंख आणि चोच चांगली दिसतेय. टरफल पूर्ण उतरवा, गमाचा थर खरवडून पॉलिश पेपर मारा, भुगा ब्रशने नाही तर व्हॅक्युमने ओढून घ्या, आणि हातभर जागेवर एपॉक्सीचा नमुना लावून आठवडाभर ओल्या गोणपाटाखाली ठेवा. मग सुरीने उचकटून उलटी बाजू बघा. दाणे चिकटून आले तर पकड पक्की आहे, पुढचं काम सुरू करा, नाही आले तर मला फोटो पाठवा.