हसायच्या आधी एक थालीपीठ थापून बघा

आज एका साखरपुड्यात वहिनीचा विषय निघाला आणि माझं डोकंच फिरलं. "एवढी शिकलेली बाई, रस्त्यावर थालीपीठं थापते?" एक मावशी म्हणाल्या आणि बाकीच्या फिदीफिदी हसल्या. परक्या घरचं कार्य म्हणून तिथे गप्प बसले. इथे बसणार नाही.

वहिनीने बागेबाहेर टेबल मांडलं त्या पहिल्या सकाळी मी सोबत होते. तवा नवा, वाऱ्याने गॅस विझत होता. पहिलं थालीपीठ चिकटलं, दुसरं ओल्या फडक्यावरून तव्यावर टाकताना मधोमध फाटलं. फिरायला येणारे सगळे ओळखीचे. काहीजण तर न बघितल्यासारखं करून पुढे गेले. तेवढ्यात तिच्या जुन्या ऑफिसातले साहेब समोर! मला वाटलं, आता ही पाठ फिरवणार. कान लालबुंद, भाजणीने माखलेले हात थरथरताहेत, पण म्हणाली, "नमस्कार सर. गरम आहे, देऊ?"

लाज तिलाही वाटत होती हो. तरी ती उभी राहिली. याला जिगर लागते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 साली लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी हात लावेनात. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत त्या माणसाने काय काय ऐकून घेतलं असेल! आज आपण त्यांचं नाव अभिमानाने घेतो, मराठी माणूस धंद्यात मागे का यावर तासन्‌तास बोलतो, आणि घरातल्या बाईने टेबल मांडलं की "लोक काय म्हणतील?" अरे, ते लोक म्हणजे आपणच ना?

कर्ज काढून आंधळी उडी मारू नये, मान्य. पण वहिनीने कुठे घर गहाण टाकलंय?

आता जरा शांत झाल्यावर त्या मावशींचंही वाईट वाटतंय. त्यांना शिवणाचा क्लास काढायचा होता. "चारच बायका आल्या तर शोभा होईल," म्हणून घरच्यांनी काढू दिला नाही. हे त्यांनीच मला एकदा सांगितलंय. साहेबांसमोर उभ्या राहिलेल्या वहिनीकडे बघून त्यांच्या पोटात काय होत असेल, देव जाणे.

तुमच्या ओळखीत कुणी डबे, क्लास, काहीही नवीन सुरू केलं असेल तर पहिल्याच आठवड्यात जा. पैसे देऊन घ्या, ओळखीवर फुकट मागू नका. थालीपीठ फाटलेलं आलं तरी खा. आणि काही चुकत असेल तर बाजूला घेऊन सांगा, चारचौघांत नको.