गोल गोठे हा विद्यापीठाचा दिखाऊपणा होता का?

नमस्कार. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या गोल गोठ्यांवरच्या लेखाखाली तुम्ही तीन आक्षेप घेतलेत: हा निव्वळ दिखावा होता, भिंतीच्या बचतीचा हिशेब फसवा होता, आणि म्हणूनच शेतकऱ्यांनी गोल गोठे सोडून दिले. पहिला मला पटत नाही, दुसरा अर्धा पटतो, तिसऱ्याचं कारण निराळं आहे.

आधी हिशेब. ६० फूट व्यासाच्या गोठ्यात २,८२७ चौरस फूट जागा मिळते आणि भिंत लागते १८८ फूट. तेवढीच जागा ३६ फूट रुंदीच्या लांबट गोठ्यात घेतली, तर भिंत २२९ फूट, म्हणजे २२ टक्के जास्त. पण तुलना चौरस गोठ्याशी केलीत, तर हाच फरक १३ टक्क्यांवर येतो. तेव्हा शंका रास्त आहे.

पण भिंतीची बचत हा मुद्दाच दुय्यम. मध्यभागी सायलो, म्हणजे मुरघास (आंबवलेला हिरवा चारा) साठवायचा उंच मनोरा, ठेवण्याची कल्पना विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या एफ. एच. किंग यांनी १८८९ मध्येच बांधून दाखवली होती. इलिनॉयमध्ये तिथले दुग्धव्यवसायाचे प्राध्यापक विल्बर फ्रेझर यांनी तिचा जोरदार पुरस्कार केला आणि १९०७ ते १९१३ या काळात तिथे तीन गोठे उभे राहिले. मुरघास मधोमध खाली उतरतो, गाई आत तोंड करून उभ्या, त्यामुळे वैरण टाकणाऱ्याची एकच छोटी फेरी. समजा गाईंच्या मागच्या शेणाच्या नालीचं वर्तुळ ४६ फूट व्यासाचं आणि गाई ४०. प्रत्येकीला मागे ३ फूट ७ इंच मिळतात, गव्हाणीपाशी २ फूट १० इंच. दूध काढायला मोकळीक हवी असते ती मागेच! दिखाव्यासाठी एवढं कोण मोजत बसतं?

खरी अडचण सुतारकामात. वाशांच्या टोकांखालची गोल पट्टी पातळ फळ्या वाकवून, एकमेकींवर ठोकून करतात. पिंपाच्या कड्यासारखी ती छपराचा बाहेरचा रेटा पेलते, म्हणून माळ्यावर खांब लागत नाहीत. पुढे कुणी मोठ्या दारासाठी ती कापली, किंवा सांधे कुजले, की छप्पर फाकू लागतं. वळचणीला दोन-दोन फुटांवर वासे धरले तर ९४ होतात. शेंड्याला एवढे मावत नाहीत, म्हणून बरेचसे मध्येच आडव्या तुळईवर थांबवावे लागतात. वर आडव्या ठोकलेल्या फळ्या शेंड्याकडे जास्त वाकवाव्या लागतात, तिथेच त्या तडकतात आणि खिळे उपसतात. गळती तिथूनच.

आणि शेतकऱ्यांनी पाठ का फिरवली? कळप दुप्पट झाला की लांबट गोठ्याची एक बाजू काढून पुढे गाळे जोडता येतात. गोलाला जोडणार कुठे? त्यात ट्रॅक्टर आत वळेना, गवताचे चौकोनी गठ्ठे गोल माळ्यावर नीट रचता येईनात.