कूलरपुढची कुंडी

नागपुरात मे महिन्यात घरातल्या माणसाचा मान त्याची खाट कूलरपासून किती हातांवर आहे यावरून ठरतो. आमच्याकडे सगळ्यांत पुढे आई, तिच्यामागे ही, आणि जिथवर वारा पोचून पोचून दमतो तिथे मी, अशी वर्षानुवर्षांची व्यवस्था. ती एका कुंडीनं मोडली.

खोड लागली इंग्लंडमध्ये. मुलीकडे गेलो होतो, जून होता आणि मी स्वेटर घातला होता. शेजारच्या कुंपणाशी निळ्या फुलांचे तुरे उभे होते, माझ्या डोक्याच्या वर गेलेले. मोरपिसाच्या डोळ्यातला निळा सबंध काठीला गुंडाळावा तसे. "डेल्फिनियम," मुलगी म्हणाली. कळी डॉल्फिनसारखी दिसते म्हणून ग्रीक भाषेतून आलेलं नाव. मला डॉल्फिन काही दिसला नाही, पण झोप मात्र उडाली.

घरी आल्यावर ऑनलाइन बी मागवलं. जात 'पॅसिफिक जायंट', कॅलिफोर्नियाच्या समुद्रकाठी फ्रँक राइनेल्ट नावाच्या गृहस्थांनी तयार केलेली. उंची पाच ते सहा फूट. आणि पाकिटावर स्पष्ट छापलेलं: 'पूर्ण सूर्यप्रकाशात लावा.'

आता पूर्ण सूर्यप्रकाश म्हणजे काय, हे छापणाऱ्यानं विदर्भात येऊन बघायला हवं होतं. तिकडचा पूर्ण सूर्यप्रकाश आमच्याकडे ढगाळ हवामानात मोडतो. मी मार्चमध्ये गच्चीवर बी पेरलं, रोज पाणी घातलं आणि एप्रिलअखेर कुंडीत भाजलेली माती तयार झाली. समोरच्या काकाजींनी वाकून पाहिलं. "काऊन जी, काही निघालं का?" म्हटलं, "अजून नाही." ते म्हणाले, "निघणार बी नाही. त्याला का मराचं आहे?"

मग वाचलं. या बियांना साधारण पंधरा ते अठरा अंश तापमान लागतं. उष्ण हवेत त्या उगवत नाहीत, नुसत्या ठेवल्या तरी लवकर निकामी होतात, म्हणून फ्रिजमध्ये ठेवायच्या. त्याच लेखात खाली लिहिलं होतं की झाड मुळापासून बियांपर्यंत विषारी आहे, अमेरिकेच्या कुरणांत त्याच्या रानटी भाऊबंदांनी गुरं मरतात. आमच्या फ्रिजमध्ये काळ्या बारीक बियांची एक डबी आधीच होती, लोणच्याच्या कलौंजीची. हिनं माझी डबी वरच्या कप्प्यात लोटली आणि तिच्यावर स्केच पेननं ठळक लिहिलं, 'विष'. दिवाळीला माझी बहीण पाणी घ्यायला फ्रिज उघडून दोन मिनिटं तशीच उभी राहिली. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाली, "दादा, घरात सगळं ठीक आहे ना?"

नोव्हेंबरात पुन्हा पेरलं. या खेपेला उगवलं! डिसेंबरात आमच्याकडे रात्रीचा पारा दहा-बारापर्यंत उतरतो, माणसं शेकोट्या पेटवतात, आणि ते रोप मात्र माहेरी आल्यासारखं वाढलं. दांडा आतून पोकळ, म्हणून बांबूची काडी रोवून सुतळीनं बांधलं. कुंडीला पाटी लावली, 'डेल्फिनियम'. फेब्रुवारीच्या शेवटी फुलं आली. अकरा. जायंटची उंची सव्वा फूट. आई म्हणाली, "बरी आहे अगरबत्ती." पण निळा तोच होता, अगदी तोच.

इथे थांबायला हवं होतं. गरम मुलखात हे झाड एका हंगामाचं समजावं, फुलं बघावीत आणि उपटून टाकावं, हा जाणत्यांचा सल्ला मी वाचला होता. पण तिकडे ते वर्षानुवर्षं जगतं, दर उन्हाळ्यात नव्यानं फुटतं. मग माझ्याकडे का नाही? एप्रिलमध्ये हिरवी जाळी बांधली. तिच्याखाली छत्री. दुपारी मातीवर बर्फाचे तुकडे, त्यामुळे पाहुण्यांना सरबत कोमट. अखेर मेमध्ये कुंडी घरात आली आणि कूलरपुढे, आईच्याही पुढे बसली. त्या रात्री कोणी काही बोललं नाही. ही फक्त आपली उशी घेऊन फरशीवर गेली.

नाशिकच्या मित्राला फोनवर दुःख सांगितलं. तो हसतच सुटला. म्हणाला, "अरे, याची चुलत बहीण आपल्या सह्याद्रीत आहे, निळवंती. पावसाळा सरता सरता डोंगरउतारावर फुलते. आणि उन्हाळ्यात जमिनीखाली कंद होऊन गुपचूप पडून राहते." म्हणजे मे महिन्यात महाराष्ट्रात तोंड बाहेर काढू नये, एवढी अक्कल घरच्या मुलीला होती.

ते साल २०२४. मेच्या अखेरीस, ऐन नवतपात, म्हणजे सगळ्यांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश तापमान दाखवलं. पुढे कळलं की यंत्रच बिघडलं होतं. पण डेल्फिनियमनं तेवढा धीर धरला नाही. कूलरच्या दमट वाऱ्यानं पानांवर आधीच पांढरी भुरी धरली होती, मूळ कुजलं होतं. त्या सकाळी ते सुतळीवर मान टाकून गेलेलं दिसलं. आईनं खाट दोन हात पुढे ओढली.

रिकामी कुंडी मी गच्चीवर नेऊन ठेवली, पाटी आणि काडीसकट. सावली नाही, पाणी नाही. ऑक्टोबरमध्ये वर गेलो तर तिच्यात सदाफुली उगवून फुललेली! बी कुठून आलं कोण जाणे. गच्चीच्या मोरीच्या भेगेतून मी तिला चारदा उपटलं होतं.

त्याच आठवड्यात काकाजी एका पाहुण्यांना घेऊन आले, माझं विलायती झाड दाखवायला. पाहुण्यांनी पाटी वाचली, गुलाबी फुलांकडे पाहिलं, आकाशात तळपणाऱ्या सूर्याकडे पाहिलं. "वा! एवढ्या उन्हात असं फुलवलं?"

काकाजी तोंड फिरवून खोकले. मी काडीला सुतळी जरा घट्ट केली.

"हो," म्हटलं, "निगा फार लागते."